बिग बँग आणि देवाची निर्मिती: दोन वेगळे प्रश्न, ज्यांना आपण एकच समजतो

बिग बँगवर कुठेही चर्चा सुरू झाली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, बघा आता सायन्सच सांगतंय की विश्वाला सुरुवात आहे, म्हणजे सुरुवातीला देवाने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली हे बायबलचं पहिलंच वाक्य खरं ठरलं. आणि दुसरं, सगळं बिग बँगमधून झालं हे कळलंय तर आता देव कशाला हवा. बोलणारे एकमेकांच्या विरोधात असतात पण दोघांनी गृहीत धरलेली गोष्ट एकच असते, की ख्रिस्ती धर्म ज्याला निर्मिती म्हणतो ती आणि कॉस्मॉलॉजीवाले, म्हणजे सगळ्या विश्वाचा इतिहास अभ्यासणारे शास्त्रज्ञ, ज्याला बिग बँग म्हणतात ती एकच घटना आहे. मला श्रद्धा आणि खगोलशास्त्र दोन्ही मनापासून जवळचे आहेत म्हणून हा गोंधळ जास्तच टोचतो, आणि त्यातही वाईट याचं वाटतं की ज्या माणसाने ही कल्पना मांडली तो स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता आणि या दोन गोष्टी मिसळू नका हेच सांगत राहिला.

आधी बिग बँग बघू. नावावरून वाटतं की रिकाम्या काळोखात कुठेतरी एक बॉम्ब फुटला आणि तुकडे चहूकडे उडाले. तसं अजिबात नाही. अवकाशच ताणलं जातंय, म्हणून आकाशगंगा एकमेकींपासून लांब जातायत, आणि हिशोब मागे मागे नेला तर विश्व जास्त दाट आणि जास्त तापलेलं होत जातं, साधारण १३८० कोटी वर्षांपर्यंत मागे जाता येतं. याला पुरावे भक्कम आहेत. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना जो प्रकाश मोकळा झाला तो आजही आकाशाच्या प्रत्येक दिशेने येतोय, थंड होत होत २.७ केल्विनवर (साधारण उणे २७० अंश सेल्सिअस) आलेला, आणि तो पेन्झियास आणि विल्सन यांना १९६४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका अँटेनावर न जाणाऱ्या खरखरीच्या रूपात सापडला, आधी त्यांना वाटलं यंत्रातच काहीतरी बिघाड आहे. शिवाय पहिल्या काही मिनिटांत किती हेलियम तयार व्हायला हवा हे गणित सांगतं, वस्तुमानाच्या साधारण एक चतुर्थांश, आणि तेवढाच दिसतो.

पण हे गणित शून्य क्षणापर्यंत जात नाही. आइन्स्टाइनची समीकरणं तिथवर नेली की घनता अनंत येते, आणि उत्तर अनंत आलं की फिजिक्सवाले एवढंच म्हणतात की हे समीकरण इथे चालत नाही, इथे क्वांटम गुरुत्वाकर्षणाचा (अतिसूक्ष्म कणांचे नियम आणि गुरुत्वाकर्षण यांना जोडणारा) सिद्धांत लागेल आणि तो अजून हातात नाही. म्हणजे बिग बँग सिद्धांत हा त्या तापलेल्या दाट अवस्थेपासून पुढचा इतिहास आहे. त्याच्या आधी काही होतं का, आधीचं विश्व आकसून पुन्हा उसळलं का, की काळच तिथे सुरू झाला, यावर मॉडेल्स भरपूर आहेत आणि निकाल लागलेला नाही.

आता निर्मिती. बऱ्याच ख्रिस्ती लोकांच्या डोक्यातसुद्धा असंच चित्र असतं की फार फार पूर्वी देवाने एकदा सगळं सुरू करून दिलं आणि मग ते आपलं आपण चालू राहिलं. पण चर्चचे मोठे विचारवंत असं म्हणत नव्हते. तेराव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात यावर जोरदार भांडण झालं होतं, कारण अरबी विद्वानांच्या भाष्यांसकट अॅरिस्टॉटल तिथे पोचला होता आणि अॅरिस्टॉटलच्या मते जग अनादि आहे. बोनाव्हेंचरसारखे लोक म्हणाले की जग निर्माण केलेलं आहे असं म्हटलं तर ते अनादि असूच शकत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी वेगळी भूमिका घेतली आणि १२७० च्या आसपास त्यावर एक छोटा निबंधच लिहिला. त्यांचं म्हणणं असं की जगाला सुरुवात आहे हे आपण श्रद्धेने मानतो, बुद्धीने ते सिद्ध करता येत नाही, आणि उद्या जग अनादि असलं तरी ते निर्मितच असेल. कारण निर्मिती म्हणजे पहिला धक्का नाही, निर्मिती म्हणजे असणंच दुसऱ्याकडून मिळणं. त्यांचंच उदाहरण आहे, सूर्यामुळे हवा उजळते, पण हवेने तो उजेड स्वतःजवळ साठवून ठेवलेला नसतो, सूर्य गेला की उजेड गेला. जग देवावर तसं अवलंबून आहे, एकदा सुरुवातीला नव्हे तर तुम्ही हे वाचताय त्या क्षणालासुद्धा.

म्हणून या अर्थाने निर्मिती शोधायला दुर्बिणीतून मागे बघायची गरजच नाही, तुमच्या समोरचा चहाचा कप १३८० कोटी वर्षांपूर्वीच्या त्या क्षणाइतकाच निर्मित आहे. आणि मग निर्मितीच्या आधी देव काय करत होता हा शाळकरी पोरांचा आवडता प्रश्न, त्याचं उत्तर तर चर्चचे जुने विचारवंत संत ऑगस्टीन यांनी इसवी सन ४०० च्या सुमारासच देऊन ठेवलंय, की काळ हाच जगाबरोबर निर्माण झाला, त्यामुळे निर्मितीच्या 'आधी' असं काही नव्हतंच. मला हे वाचून दरवेळी नवल वाटतं, कारण काळालाच सुरुवात असू शकते ही कल्पना फिजिक्समध्ये गंभीरपणे यायला पुढे दीड हजार वर्षं लागली.

आता त्या धर्मगुरूकडे येऊ. जॉर्ज लमेत्र, जन्म १८९४, बेल्जियमच्या शार्लेरुआ गावचे. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढले, १९२३ मध्ये धर्मगुरू झाले आणि लगेच केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्याकडे शिकायला गेले. १९२७ मध्ये त्यांनी फ्रेंचमध्ये एक पेपर लिहिला, त्यात विश्व प्रसरण पावतंय हे आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून काढलं आणि आकाशगंगांच्या वेगांशी जोडलंसुद्धा, अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हबल यांच्या याच विषयावरच्या प्रसिद्ध पेपरच्या दोन वर्षं आधी. आइन्स्टाइन त्याच वर्षी ब्रुसेल्सला भेटले तर म्हणाले गणित बरोबर आहे पण फिजिक्स भयंकर आहे. (२०१८ मध्ये जागतिक खगोल संघटनेने ठराव करून हबलचा नियम हबल-लमेत्र नियम म्हणावा असं सुचवलं, उशिरा का होईना पण झालं ते योग्यच झालं.)

९ मे १९३१ ला नेचर या विज्ञान साप्ताहिकात लमेत्र यांचं एक अगदी छोटं पत्र छापून आलं. त्यात पहिल्यांदा म्हटलंय की सगळ्या विश्वाची सुरुवात एकाच क्वांटमपासून, म्हणजे ऊर्जेच्या एका अखंड पुडीपासून, झाली असेल, आणि काळ आणि अवकाश या कल्पनांना तिथे सुरुवातीला अर्थच नसेल. या पत्राचा टाइप केलेला मसुदा टिकून आहे आणि त्याच्या शेवटी एक परिच्छेद आहे जो छापील पत्रात नाही. त्यात लमेत्र लिहितात की जो परमेश्वराला मानतो तो हेही मानतो की देव मुळातच लपलेला आहे, आणि आजचं फिजिक्स निर्मितीवर पडदा घालतंय हे बघून त्याला आनंदच होईल. आणि हा परिच्छेद पाठवण्याआधी त्यांनी खोडून टाकला. मला त्या खोडलेल्या ओळी फार महत्त्वाच्या वाटतात. एक तर त्यातलं म्हणणं लोकांच्या अपेक्षेच्या नेमकं उलट आहे, सायन्सने देव दाखवला असं ते म्हणत नाहीत, दिसणार नाही असं म्हणतात. आणि दुसरं म्हणजे एवढंसुद्धा त्यांना फिजिक्सच्या पत्रात ठेवायचं नव्हतं.

मग २२ नोव्हेंबर १९५१ ला पोप पायस बारावे यांनी पोंटिफिकल अकॅडमी ऑफ सायन्सेस या पोपच्या विज्ञान अकॅडमीसमोर भाषण केलं आणि त्यात नवीन खगोलशास्त्र जणू बायबलमधल्या "प्रकाश होवो" या आदिम क्षणाची साक्षच देतंय अशा सुरात बोलले. जगभर पेपरांत बातम्या आल्या. लमेत्र त्याच अकॅडमीचे सदस्य होते आणि त्यांना हे रुचलं नाही, कारण तेव्हा बिग बँग हा अनेकांपैकी एक अंदाज होता आणि समोर एक तगडा प्रतिस्पर्धी सिद्धांत उभा होता. उद्या तो जिंकला असता तर? श्रद्धा एका चालू सिद्धांताला बांधली की तो सिद्धांत पडताना श्रद्धेलाही घेऊन पडतो. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९५२ मध्ये रोममध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले होते तेव्हा पोप त्यांच्याशी बोलले पण तो दावा पुन्हा केला नाही. लमेत्र यांनी १९५८ मध्ये स्पष्टच सांगितलं की माझा सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या पूर्ण बाहेरचा आहे, तो मानूनही नास्तिकाला देव नाकारायची मोकळीक राहतेच.

तो प्रतिस्पर्धी सिद्धांत मराठी वाचकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. १९४८ मध्ये हॉयल, बॉन्डी आणि गोल्ड यांनी स्थिर स्थितीचं विश्व मांडलं, विश्व प्रसरण पावतंय पण मधल्या जागेत सतत नवं द्रव्य तयार होतंय, म्हणून ते आहे तसंच दिसतं, आदि नाही आणि अंतही नाही. बिग बँग हे नावसुद्धा हॉयल यांनीच १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना वापरलं. आपले जयंत नारळीकर हे हॉयल यांचे विद्यार्थी, आणि पुण्यात आयुका उभी करणारे नारळीकर शेवटपर्यंत बिग बँगबद्दल प्रामाणिक शंका घेत राहिले, १९९३ मध्ये हॉयल आणि बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी स्थिर स्थितीची सुधारलेली आवृत्तीही मांडली. बहुतेक शास्त्रज्ञांना ती पटली नाही, पण समजा ती बरोबर निघाली असती, तर ख्रिस्ती धर्मातला निर्माता गेला असता का? अक्वायनस यांचं उत्तर आपण वर बघितलं, नसता गेला. हॉयल यांना बिग बँगमध्ये धर्माचा वास यायचा, पण तो वास त्यांना आला कारण तेही निर्मिती म्हणजे सुरुवात एवढंच धरून चालले होते.

अशीच गल्लत "शून्यातून" या शब्दावर होते. फिजिक्सवाले कधी कधी म्हणतात विश्व शून्यातून उगवलं, व्हिलेन्किन यांनी १९८२ मध्ये तसं मॉडेल दिलं, आणि हॉकिंग यांनी हार्टल यांच्याबरोबर १९८३ मध्ये असं विश्व मांडलं ज्याला काळाची कडाच नाही, आणि मग विचारलं की कडा नसेल तर निर्मात्याला जागा कुठे. पण त्या शून्यातसुद्धा क्वांटमचे नियम असतात, समीकरण असतं. धर्मशास्त्रातल्या शून्यात नियमही नसतात. आणि कडा नसलेलं विश्व हे अनादि विश्वासारखंच, मुळात विश्व का आहे या प्रश्नाला ते हात लावत नाही.

एक गोष्ट मात्र ख्रिस्ती बाजूने लपवू नये. दोन्ही गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत असं म्हणून हात झटकता येत नाहीत, कारण १२१५ च्या लॅटरन परिषदेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या सर्वोच्च धर्मसभेने, काळाच्या प्रारंभापासून देवाने सृष्टी निर्माण केली असं शिकवलंय, म्हणजे सुरुवात आहे हा कॅथलिक श्रद्धेचा भाग आहेच. उद्या कोणी विश्व खरंच अनादि आहे असं दाखवलं तर त्या वाक्याचा अर्थ काय लावायचा हा प्रश्न उभा राहील. पण शिल्लक राहील तो वाद सुरुवातीचा, निर्मात्याचा नाही. आणि पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे म्हणणाऱ्यांचा पंथ वेगळाच आहे, त्यांच्याशी तर बिग बँगचं थेट भांडण आहे, तिथे एकच बाजू बरोबर आहे आणि ती बायबलमधल्या वंशावळी मोजणाऱ्यांची नाही.

देव आहे की नाही हे भांडण खोटं आहे असं मी म्हणत नाही, ते खरं आहे, फक्त ते दुसऱ्या ठिकाणी आहे. ते ऐकायचं असेल तर १९४८ मधली बीबीसीवरची नास्तिक बाजूने बोलणारे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू फादर कॉपलस्टन यांची चर्चा बघा. कॉपलस्टन सुरुवातीबद्दल वाद घालतच नाहीत. ते म्हणतात की जगातली प्रत्येक गोष्ट नसूही शकली असती, अशा गोष्टींची साखळी अनंत लांब केली तरी ती साखळी मुळात का आहे याचं उत्तर मिळत नाही. रसेल म्हणतात विश्व आहे, बस, त्याच्यापुढे कारण विचारण्यात अर्थ नाही.