एका पंगतीला बसल्यावर

डिसेंबर 1944, दुसरं महायुद्ध. बेल्जियमकडच्या आर्देनच्या जंगलात जर्मनांनी अचानक मुसंडी मारली आणि अमेरिकी पायदळाला माणसं कमी पडू लागली. तोवर कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला बहुतेक करून ट्रक चालवणं, माल चढवणं-उतरवणं हीच कामं. तुकड्या वेगळ्या, मेस वेगळी. रेड क्रॉस तर दान केलेलं रक्तही दात्याच्या वर्णानुसार वेगळं ठेवत असे! रक्तात असा भेद नसतो, हे तेव्हाच्या डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं, तरीही.

आता नाइलाज झाल्यावर याच लोकांना विचारलं गेलं, लढायला येता का? सुमारे 4,500 जणांनी नावं दिली. अट अशी की, हुद्दा सोडून साधा शिपाई व्हायचं. कित्येक सार्जंटांनी बाहीवरच्या फिती उतरवल्या. त्यांच्या प्लाटून, म्हणजे छोट्या तुकड्या बनल्या आणि 1945 च्या मार्चमध्ये गोऱ्यांच्या कंपन्यांना, म्हणजे काही प्लाटून मिळून होणाऱ्या मोठ्या तुकड्यांना, जोडल्या गेल्या.

सॅम्युअल स्टाउफर या समाजशास्त्रज्ञाचा गट तेव्हा सैन्यासाठी पाहण्या करत असे. त्यांनी गोऱ्या सैनिकांना विचारलं, कंपनीत अशी मिश्र व्यवस्था असलेली चालेल का? ज्यांच्या आसपास अशी प्लाटून नव्हती, त्यांच्यातल्या 62 टक्क्यांना ती कल्पनाच अतिशय नापसंत होती. ज्यांच्या कंपनीत ती खरोखर होती, तिथे हे प्रमाण होतं 7 टक्के.

समजूतदार लोकच एका ठिकाणी जमले असतील, असं म्हणायलाही फारशी जागा नाही, कारण सैनिक काही आपली कंपनी निवडत नाही. मात्र कृष्णवर्णीय सैनिक हौसेने आलेले होते, शिवाय समोर शत्रू होता. म्हणजे परिस्थिती नेहमीची नव्हती. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये मांडलं ते असं: नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जातीलच असं नाही, दर्जा समान हवा, काम सामायिक हवं आणि वरिष्ठांचा पाठिंबा हवा. माझ्या मते यातली शेवटची अटच सर्वांत अवघड.

कारण वरिष्ठांनी काय केलं? लढाई संपताच त्या प्लाटून मोडल्या, पाहणीचे आकडे दाबून ठेवले. 26 जुलै 1948 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी समान वागणुकीचा आदेश काढला, तरी भूदलाचं चालढकल करणं सुरूच राहिलं.

गाडं हललं ते कोरियन युद्धात. 1950 च्या उन्हाळ्यात दक्षिण कॅरोलिनातल्या फोर्ट जॅक्सन छावणीत रंगरूटांचे एवढे लोंढे आले की, वर्णानुसार निवडत बसायला कुणाला सवडच उरली नाही. मग तिथल्या कमांडरने निवडणंच बंद केलं. येतील तशा तुकड्या भरल्या. 1954 अखेर भूदलातली शेवटची निव्वळ कृष्णवर्णीय तुकडीही बरखास्त झाली. त्या वर्षीसुद्धा छावणीत शेजारशेजारच्या खाटांवर झोपणारे एक गोरा आणि एक कृष्णवर्णीय असे दोघे सुटीच्या दिवशी गावात गेले की, बसमध्ये एक पुढे बसे आणि दुसरा मागे.