पाळीव कासवांच्या खाद्यातील पर्यायी प्रथिने

मांसाहारी कासवांच्या तयार खाद्यात मासळीच्या कुटीऐवजी (सुकवून दळलेल्या मासळीऐवजी), पूर्णपणे किंवा काही प्रमाणात, वापरले जाणारे प्रथिनयुक्त घटक. हा विषय मुख्यतः चिनी मऊ पाठीच्या कासवाशी निगडित आहे. त्याचे शास्त्रीय नाव पेलोडिस्कस सायनेन्सिस. चीनमध्ये या कासवाचे वार्षिक उत्पादन ३ लाख टनांहून अधिक असून झेज्यांग, हूबेई, हूनान, ज्यांग्शी हे प्रांत त्यासाठी प्रसिद्ध आहेत. जपान, तैवान, थायलंड आणि व्हिएतनाम येथेही ते पाळतात. निसर्गात मात्र त्याची संख्या घटलेली असून ते संकटग्रस्त प्राण्यांत मोडते.

रानात हे कासव मासे, गोगलगायी, कोळंबी आणि किडे खाते. म्हणून तळ्यातल्या खाद्यातही साधारण ४० ते ५० टक्के प्रथिने लागतात आणि परंपरेने त्यांतली बहुतेक मासळीच्या कुटीतून येतात. पोलॉकसारख्या पांढऱ्या माशांचे मांस काढून घेतल्यावर उरणाऱ्या भागांपासून केलेली ‘पांढरी’ कुटी कासवांसाठी सर्वांत चांगली समजली जाते, कारण तिच्यात तेल कमी असते आणि ती लवकर खवट होत नाही. पेरूच्या अँचोव्ही माशांपासून होणारी तपकिरी कुटी त्या मानाने स्वस्त पडते, पण तिचा पुरवठा एल निन्योवर, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी अधूनमधून तापण्यावर, हेलकावे खातो. २०२३ मध्ये पेरूने अँचोव्हीचा पहिला हंगामच रद्द केला आणि कुटीचे भाव चढले. शिवाय एका प्राण्याला पोसण्यासाठी समुद्रातून दुसरे प्राणी उपसत राहणे किती काळ परवडेल, हा प्रश्न आहेच. कोकण किनाऱ्यावर ‘कुटीची मासळी’ म्हणून बारीक, कोवळी मासळी ट्रकांत भरली जाताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.

पर्याय शोधताना खरी अडचण येते ती खाद्याच्या रूपामुळे. कासवांचे पारंपरिक खाद्य पिठाच्या रूपात मिळते. त्यात पाणी आणि थोडे तेल घालून ते कणकेसारखे मळतात आणि त्याचे गोळे पाण्याच्या काठाशी टेकवलेल्या फळीवर ठेवतात. गोळा पाण्यात विरघळू नये म्हणून त्यात आधी शिजवून वाळवलेला स्टार्च घालावा लागतो आणि तोच खाद्याचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक जागा घेतो. आता हिशेब मांडून पाहावा. एकूण खाद्यात ४५ टक्के प्रथिने हवी असतील, तर स्टार्च वगळता उरलेल्या चार हिश्श्यांत सरासरी ५६ टक्के प्रथिने असली पाहिजेत. सोयाबीनच्या पेंडेत ती ४४ ते ४८ टक्केच असतात. म्हणजे पेंड जितकी वाढवावी तितकी दुसरीकडे अधिक दाट प्रथिने शोधावी लागतात. कोंबडीखाद्यात सहज खपणारी पेंड कासवाच्या खाद्यात अडते ती इथे.

पेंडेचे इतर दोषही आहेत. तिच्यात मेथिओनिन हे अमिनो आम्ल (प्रथिने ज्यांपासून बनतात त्यांतला एक घटक) कमी असते, कच्च्या सोयाबीनमधले ट्रिप्सिनरोधक घटक पचन अडवतात आणि फायटिक आम्ल फॉस्फरस बांधून ठेवते. हाडांचा एवढा मोठा सांगाडा उभारणाऱ्या प्राण्याला ही शेवटची उणीव जाचते. पेंड आंबवली, भाजली किंवा तिच्यापासून सोया प्रथिनांचा सांद्र (इतर घटक काढून प्रथिने दाट केलेला पदार्थ) केला, तर यातले बरेच दोष कमी होतात. खर्च मात्र वाढतो. सरकीच्या पेंडेत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते, म्हणून ते काढून टाकलेली सरकीची सांद्र प्रथिनेच वापरतात.

कत्तलखान्यातील उपपदार्थांत प्रथिने भरपूर असतात, पण ती एकांगी असतात. रक्ताच्या भुकटीत ८० टक्क्यांहून अधिक प्रथिने आणि लायसिन हे अमिनो आम्ल विपुल असते, तर आयसोल्यूसिन हे दुसरे अमिनो आम्ल फारच थोडे. पिसांतले केराटिन हे चिवट प्रथिन उष्णता व दाब देऊन फोडल्याशिवाय पचत नाही. कोंबडीच्या अवशेषांची भुकटी या सर्वांत संतुलित असते. कोणताही एक घटक कुटीची जागा घेऊ शकत नाही. दोन-तीन घटक एकमेकांची उणीव भरून काढतील असे मिसळले आणि वरून मेथिओनिन, लायसिन घातले, तरच मेळ बसतो.

कीटकांचा पर्याय नवा वाटला तरी तो कासवपालनाइतकाच जुना आहे. जपानमध्ये कुराजिरो हात्तोरी यांनी १८६६ पासून टोकियोच्या फुकागावा भागात मऊ पाठीची कासवे जमवून पाळण्यास सुरुवात केली. विसाव्या शतकाच्या आरंभी प्राणिशास्त्रज्ञ काकिची मित्सुकुरी यांनी तिथल्या खाद्याची नोंद केली, तीत ठेचलेले शिंपले, सुकी मासळी आणि उकडलेले गहू यांच्यासोबत रेशीमकिड्यांचे प्यूपाही (कोशातले किडे) आहेत. कोशातून धागा उकलून घेतल्यावर उरणाऱ्या या वाळलेल्या प्यूपांत सुमारे निम्मी प्रथिने आणि पाव हिस्सा तेल असते. ते तेल पटकन खवट होते. असे प्यूपा खाऊन जपानमध्ये कार्प माशांना स्नायू झिजवणारा ‘सेकोके’ रोग झाला होता. म्हणून तेल काढलेले प्यूपाच वापरणे श्रेयस्कर. आज ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांकडे अधिक लक्ष आहे. त्या ओल्या कचऱ्यावर वाढतात आणि त्यांच्यात कॅल्शियम भरपूर असते. युरोपीय संघाने २०१७ पासून जलचरांच्या खाद्यात कीटकप्रथिनांना परवानगी दिली.

सर्वांत अनपेक्षित पर्याय सूक्ष्मजीवांचा आहे. पोलाद कारखान्यांच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडवर क्लॉस्ट्रिडियम ऑटोएथॅनोजेनम हा जिवाणू वाढवून मिळणाऱ्या प्रथिनांना चीनने २०२१ मध्ये खाद्यघटक म्हणून मान्यता दिली. त्यांत ८० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असल्याने वर सांगितलेल्या जागेच्या हिशेबात ती चपखल बसतात.

खाद्य बदलल्याचा परिणाम केवळ वजनावर पाहून चालत नाही. न पचलेली प्रथिने पाण्यात अमोनिया होऊन उतरतात. सुमारे ३० अंश तापमान राखून, हिवाळी झोप टाळून वर्षभरात कासव विक्रीयोग्य करणाऱ्या बंदिस्त तळ्यांत हे विशेष घातक ठरते. झेज्यांगमध्ये २०१३ नंतरच्या जलशुद्धी मोहिमेत अशी अनेक तळी प्रदूषणामुळे पाडण्यात आली. त्याच प्रांतातील देचिंग परगण्यात कासवे भातखाचरात सोडतात. तिथे किडे आणि गोगलगायी त्यांच्या आहाराचा काही भाग स्वतःच पुरवतात. ग्राहकाचे लक्ष असते ते पाठीच्या कडेच्या मऊ, चिकट झालरीकडे. ती कोलॅजनने बनलेली असते आणि चिनी स्वयंपाकात तिलाच सर्वाधिक मान आहे. त्यामुळे नव्या खाद्याने ही झालर पातळ पडते का, हेही तपासावे लागते.

लाल कानांच्या स्लायडर कासवांना हा पेच तितकासा पडत नाही. अमेरिकेतील लुइझियानात त्यांची मोठी पैदास होते. पिले मांसाहारी असली तरी प्रौढ सर्वभक्षी होतात, म्हणून वनस्पतिजन्य प्रथिने त्यांना चालतात.