आतड्याच्या दाहविकारातील पथ्य (खानदेश)

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्याच्या दोन जुनाट दाहविकारांत औषधांच्या जोडीने पाळायचे खाणेपिणे व दिनक्रम. दोन्ही विकारांना मिळून डॉक्टर आयबीडी म्हणतात. कोलायटिस गुदाशयापासून सुरू होऊन मोठ्या आतड्यात सलग वर सरकतो आणि आतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मधला भाग सोडून सोडून उमटतो व भिंतीत खोल शिरतो; त्यामुळे आतडे अरुंद होणे, भगंदर होणे हे त्रास त्यात अधिक. न्यूयॉर्कचे बरिल क्रोन यांनी दोन सहकाऱ्यांसह १९३२ मध्ये त्याचे वर्णन केले. नावात साम्य असले तरी आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) हा वेगळा विकार आहे. त्यात आतड्याला जखमा होत नाहीत.

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात पथ्याची पहिली अडचण स्वयंपाकघराबाहेरच सुरू होते. शौचातून रक्त व शेंबडासारखा स्राव जाऊ लागला की घरचे ‘आव पडली’ किंवा ‘मूळव्याध झाली’ म्हणतात, ताक-जिऱ्यावर भागवतात आणि महिनोन्‌महिने निघून जातात. आवही खरीच असू शकते. शिवाय आतड्याचा क्षयरोग क्रोन्ससारखाच दिसतो, दोन्हींना लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्याची जागा आवडते, आणि क्षय समजून क्रोन्सला किंवा क्रोन्स समजून क्षयाला औषध दिले तर नुकसान होते. म्हणून कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठे आतडे आतून पाहणे) व आतड्याच्या तुकड्याची तपासणी आधी, पथ्य नंतर.

पथ्याने हा रोग बरा होत नाही, तिखटाने तो होतही नाही. नंदुरबारच्या मिरचीवर आळ घेणे सोपे आहे. पण मिरची फार तर जळजळ आणि घाई वाढवते, आतड्यात व्रण पाडत नाही. अन्न हेच मुख्य औषध ठरते असा ठळक प्रसंग एकच: क्रोन्स झालेल्या मुलांना ६ ते ८ आठवडे जेवण थांबवून फक्त डॉक्टरांनी ठरवलेले द्रव पोषण देतात. मोठ्यांच्या बाबतीत मेसालामाइन, स्टिरॉइड, अ‍ॅझाथायोप्रिन यांसारख्या औषधांवर दाह उतरतो, आणि आहार शरीर टिकवून धरतो.

खानदेशी घरात बाजूला काढण्याजोगा घास पुष्कळ आहे. भरिताचे हिरवे वांगे काड्यांच्या जाळावर भाजले की साल काळी पडून सुटते, म्हणजे चावायला जड भाग आपोआपच जातो. गर ठेचून झाला की लसूण-मिरचीचा ठेचा, शेंगदाणे आणि कांद्याची पात पडण्याआधी वाटीभर गर रुग्णासाठी काढायचा, बियाळ असेल तर चाळणीवर घासायचा, वर मीठ आणि थोडे तूप. सोबत कळण्याची भाकरी मात्र नको: ज्वारीत सालासकट उडीद दळलेला असतो, आणि भडका, म्हणजे दाह उसळलेला, असताना तो पोट फुगवतो. तेव्हा मऊ भात, मुगाची पातळ खिचडी किंवा साध्या ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून. दाह शमल्यावर कळणा थोडा थोडा परत आणावा. आतडे अरुंद झालेले नसेल तर चोथा कायमचा सोडण्यात काही लाभ नाही, उलट चोथ्यावरच मोठ्या आतड्यातले उपयोगी जिवाणू जगतात. शेवभाजीची तर्री, तळलेले बिबडे हे मात्र बऱ्या दिवसांतच, तेही चवीपुरते.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर-यावलकडे ती दारातच असते, आणि पिकलेले केळे भडक्यातही बहुतेकांना सोसते. कच्च्या केळ्यातला न पचणारा स्टार्च मोठ्या आतड्यात पोचतो, जिवाणू तो आंबवून ब्युटिरेट तयार करतात, आणि तेच तिथल्या पेशींचे मुख्य इंधन. म्हणून उकडलेले कच्चे केळे उत्तम, भडका नसताना. केळ्याचे वेफर्स या हिशेबात धरू नयेत.

सगळ्यात मोठी चूक अति पथ्याची. ‘पोट दुखस’ म्हटले की एकेक जिन्नस बंद होतो आणि शेवटी भात आणि मुगाचे पाणी उरते. भडका असताना प्रथिनांची गरज दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम असते. ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम, आणि एका अंड्यात जेमतेम ६. दूध सोसत नसेल तर दही-ताक बरेचदा सोसते, कारण विरजणात लॅक्टोज (दुधातली साखर) घटतो. लोह, जीवनसत्त्व डी आणि, लहान आतड्याचा शेवटचा भाग बिघडला असेल तर, बी१२ तपासून घ्यावे लागते.

मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपलीकडे जातो. दिवसातून ८-१० वेळा शौचाला जाणाऱ्याला हे ऊन आधी गाठते. ओआरएसची पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे प्रमाण चमच्याने मोजूनच. आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) मांडे-आमरस याच उन्हात येतात. सणाला नाही म्हणणे घरात जड जाते, म्हणून मांड्याचा पदर आणि दोन चमचे रस, एवढ्यावर तडजोड होते.

बिडी-सिगारेटने क्रोन्स बळावतो. कापूस वेचणीत कंबर धरली म्हणून मेडिकलवरून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी भडका उठवू शकते. दुकानदाराला आजार सांगूनच गोळी मागावी. बरे वाटले म्हणून औषध परस्पर बंद करणेही तितकेच महागात पडते. मोठ्या आतड्याचा बराच भाग धरला असेल तर लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण ८ वर्षांनी कर्करोगासाठी कोलोनोस्कोपी करतात, पोट शांत असले तरी. नंदुरबारहून त्यासाठी अनेकांना सुरत जवळ पडते. आदल्या दिवशी आतडे साफ करणारे औषध घ्यायचे असते, म्हणून रेल्वेच्या वेळा पाहून मुक्काम तिथेच केलेला बरा.