भाडेतत्त्वावरील क्लाउड जीपीयू

दूरच्या डेटा सेंटरमध्ये बसवलेले ग्राफिक्स प्रोसेसर, म्हणजेच जीपीयू, इंटरनेटवरून तासाच्या किंवा सेकंदाच्या हिशोबाने भाड्याने घेऊन त्यांवर आकडेमोड करण्याची पद्धत. मशीन लर्निंगची मॉडेल्स शिकवणे, शिकून झालेली मॉडेल्स चालवणे, रेणूंच्या हालचालींचे किंवा द्रवप्रवाहांचे सिम्युलेशन करणे ही तिची मुख्य कामे. यंत्र विकत घ्यावे लागत नाही. वीज, थंडावा आणि दुरुस्ती पुरवठादार पाहतो. ग्राहकाच्या हाती येते ती बहुधा लिनक्सची काळी खिडकी, आणि त्याच क्षणी मीटर सुरू होते. भाडे लागते घड्याळाप्रमाणे, हवे असते ते मात्र झालेले काम. या दोहोंत किती अंतर पडते यावर सौदा स्वस्त की महाग हे ठरते, आणि दरपत्रकात नेमके तेच दिसत नाही.

इतिहास : संगणकाचा वेळ विकण्याचा धंदा नवा नाही. १९६०च्या दशकात मोठे संगणक बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते, तेव्हा टाइम-शेअरिंग कंपन्या टेलिफोनच्या तारेवरून त्यांचा वेळ विकत. पुढे वैयक्तिक संगणक आले आणि तो धंदा आटला. जीपीयूने त्याला पुन्हा जीव दिला. ही चिप मुळात खेळांतील चित्रांसाठी घडली. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचा रंग काढताना तेच गणित प्रत्येक ठिपक्यासाठी स्वतंत्रपणे करावे लागते, म्हणून तिच्यात साधी गणिते करणारी शेकडो-हजारो एकके एकाच वेळी राबतात. मशीन लर्निंगचा आधार असलेला मॅट्रिक्सचा, म्हणजे आकड्यांच्या चौकटींचा, गुणाकारही त्याच जातीचा. एनव्हिडिया कंपनीने २००६ मध्ये क्यूडा ही प्रणाली जाहीर केली आणि चित्रांचा आडपडदा न ठेवता या चिपकडून थेट गणित करून घेता येऊ लागले. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१० मध्ये एनव्हिडियाचे प्रत्येकी दोन टेस्ला जीपीयू असलेली यंत्रे भाड्याने ठेवली, तेव्हा समोर ग्राहक होता तो शास्त्रज्ञ, अभियंता आणि ॲनिमेशनवाला. मशीन लर्निंगची लाट अजून यायची होती.

ती आली २०१२ मध्ये. टोरांटो विद्यापीठातील ॲलेक्स क्रिझेव्स्की, इल्या सुट्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांचे ॲलेक्सनेट हे चित्रे ओळखणारे मॉडेल दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर पाच-सहा दिवसांत शिकले. कार्डे खेळांसाठीची होती, प्रत्येकात मेमरी अवघी ३ जीबी. ज्या कामामुळे पुढे भाड्याचा बाजार फुगला, ते काम दुकानात मिळणाऱ्या कार्डांवर झाले होते ही गंमतच म्हणायची. मॉडेल्स वाढत गेली तशी घरची कार्डे अपुरी पडू लागली. गूगलने २०१७ मध्ये कोलॅब सर्वांसाठी खुले केले. ब्राउझरमध्ये मर्यादित वेळ जीपीयू फुकट मिळत असल्याने विद्यार्थ्यांच्या एका अख्ख्या पिढीची सुरुवात तिथेच झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने जीपीयूवरील मायनिंग, म्हणजे गणिते करून नवी नाणी मिळवणे, बंद केले आणि असंख्य कार्डे रिकामी झाली. मायनिंगपासून सुरुवात केलेल्या कोअरवीव्हसारख्या कंपन्या त्याआधीच भाड्याच्या धंद्यात उतरल्या होत्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि २०२३ मध्ये एनव्हिडियाच्या एच१०० चिपसाठी पैसे हातात धरूनही रांगेत उभे राहण्याची वेळ आली.

पुरवठादार : ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांची मोठी क्लाउड, केवळ जीपीयू देणाऱ्या लॅम्डा किंवा कोअरवीव्हसारख्या कंपन्या, आणि वास्ट.एआयसारखे बाजार, जिथे कुणीही आपले यंत्र भाड्याला लावू शकतो. अशा बाजारांत खेळांची कार्डे सर्रास मिळतात, मोठ्या क्लाउडमध्ये ती दिसत नाहीत. त्यामागे तांत्रिक कारणांइतकाच परवान्याचा भाग आहे : एनव्हिडियाने २०१७च्या अखेरीस खेळांच्या जीफोर्स कार्डांच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, अटींत डेटा सेंटरमधील वापराला मनाई घातली. मोठ्या क्लाउडमध्ये नव्या खात्याला जीपीयूचा कोटा बहुधा शून्य असतो. तो अर्ज करून वाढवून घ्यावा लागतो, आणि पहिलटकराचा पहिला दिवस पुष्कळदा त्यातच जातो.

यंत्राची निवड : नवखा ग्राहक वेग पाहतो, मुरलेला आधी मेमरी पाहतो. ७०० कोटी पॅरामीटरचे, म्हणजे शिकताना ठरणाऱ्या तेवढ्या आकड्यांचे, भाषा-मॉडेल घेतले, तर दर पॅरामीटरला २ बाइट धरून ते नुसते चालवायला १४ जीबी लागतात. तेच मॉडेल ॲडम या प्रचलित पद्धतीने पूर्ण शिकवायचे, तर पॅरामीटर आणि ग्रेडियंट (पॅरामीटर कुठे आणि किती बदलायचे ते सांगणारे आकडे) यांचे प्रत्येकी २ बाइट, पॅरामीटरच्या अधिक अचूक प्रतीचे ४ आणि ॲडमच्या दोन सरासऱ्यांचे ८, असे दर पॅरामीटरला १६ बाइट होतात. म्हणजे ११२ जीबी, आणि मधल्या थरांचे आकडे वेगळेच. एनव्हिडियाच्या ८० जीबीच्या एका ए१०० किंवा एच१०० चिपवर ते मावत नाही. चिप कितीही वेगवान असली तरी मेमरी संपल्याचा संदेश देऊन प्रोग्राम बंद पडतो. यावर उपाय म्हणजे मूळ मॉडेल गोठवून त्याला जोडलेला छोटा भाग तेवढा शिकवायचा. क्यूलोरा या २०२३च्या पद्धतीने ६,५०० कोटी पॅरामीटरचे मॉडेल ४८ जीबीच्या एकाच जीपीयूवर बसवून दाखवले, आणि अनेकांची भाड्याची गरज एका फटक्यात खाली आली.

मॉडेल चालवताना मेमरीचा दुसरा गुण आडवा येतो, तो म्हणजे तिच्यातून माहिती किती वेगाने वाहते. एका वेळी एकालाच उत्तर देणारे मॉडेल प्रत्येक नव्या शब्दखंडासाठी आपले सगळे पॅरामीटर एकदा वाचते. एच१००च्या मेमरीतून सेकंदाला ३.३५ टीबी, म्हणजे ३,३५० जीबी, वाहते. १४ जीबीने भागले की सेकंदाला सुमारे २४० शब्दखंड ही वरची मर्यादा निघते. खेळांच्या आरटीएक्स ४०९० कार्डाचा प्रवाह सुमारे १ टीबी, म्हणून त्याची मर्यादा ७० च्या आसपास. गणित करण्याची ताकद या हिशोबात आलीच नाही. तेव्हा दोन यंत्रांच्या भाड्यात तिपटीहून जास्त फरक असेल, तर या कामासाठी महागडे यंत्र घेण्यात अर्थ नाही. अनेकांचे प्रश्न एकदम हाताळायचे असतील तर गणित बदलते, कारण पॅरामीटर एकदा वाचून ते सर्वांसाठी वापरता येतात.

विज्ञानातील आकडेमोडीत प्रश्न अचूकतेचा असतो. मशीन लर्निंगला १६ बिटांचे, हल्ली ८ बिटांचेही आकडे पुरतात. क्वांटम रसायनशास्त्रात आणि द्रवगतिकीच्या पुष्कळशा गणितांत ६४ बिटांचे लागतात, आणि तिथे खेळांची कार्डे साफ लंगडी पडतात : आरटीएक्स ४०९०चा ६४ बिटांतील वेग ३२ बिटांतील वेगाच्या ६४वा भाग, म्हणजे सुमारे १.३ टेराफ्लॉप्स (एक टेराफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणिते) आहे. ए१००चा ९.७, एच१००चा ३४. याउलट प्रथिनांसारख्या रेणूंची हालचाल गणणारे ग्रोमॅक्स बहुतांश काम ३२ बिटांत उरकते, त्यामुळे त्याला स्वस्तातले कार्ड उत्तम चालते. रेणूंच्या सिम्युलेशनसाठी सवयीने ए१०० घेणारा ग्राहक न वापरलेल्या ताकदीचे भाडे भरत असतो.

काम अनेक जीपीयूंवर पसरायचे असेल तर त्यांच्यातील जोडणी पाहावी लागते. एच१००च्या एनव्हीलिंक या खास जोडणीवरून दोन्ही दिशा मिळून सेकंदाला ९०० जीबी जातात, पाचव्या पिढीच्या साध्या पीसीआय जोडणीवरून सुमारे १२८. जाहिरातीत दोन्ही यंत्रे 'आठ जीपीयू' म्हणूनच उभी असतात.

घड्याळ आणि काम : भाड्याचा वेळ सर्वाधिक गळतो तो जीपीयू रिकामा बसून. शेकडो जीबीचा डेटा उतरतोय, ड्रायव्हर आणि क्यूडा यांच्या आवृत्त्या जुळत नाहीत, लायब्ररी पुन्हा बसवाव्या लागताहेत; सिग्नलला थांबलेल्या टॅक्सीसारखे मीटर मात्र चालूच. म्हणून जाणकार सगळी मांडामांड आधीच एका कंटेनरमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर तसेच उघडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या गाठोड्यात, बांधून ठेवतात, डेटा त्याच भागातील साठवणीत नेऊन ठेवतात आणि प्रोग्राम आधी स्वस्त यंत्रावर चालवून त्यातल्या चुका काढतात. काम चालू असतानाही फसगत होते. चित्रांवर मॉडेल शिकवताना जेपीईजी फाइली उलगडण्याचे काम बहुधा साध्या प्रोसेसरकडे असते. त्याचे कोअर, म्हणजे गणिते करणारी एकके, कमी पडले की जीपीयू पुढच्या घासाची वाट पाहत राहतो. एनव्हिडिया-एसएमआय या आज्ञेने दिसणारी वापराची टक्केवारीही डोळे झाकून मानण्यासारखी नाही. ठरावीक काळातील किती वेळ जीपीयूवर काही ना काही चालू होते एवढेच ती सांगते. हजारो एककांपैकी मोजकीच राबत असली तरी तिथे १०० दिसू शकते. सेकंदाला किती नमुने हातावेगळे झाले हा आकडा मोजावा, तोच खरा.

स्पॉट आणि चेकपॉइंट : पुरवठादाराकडे रिकामी पडलेली यंत्रे स्पॉट या नावाने पुष्कळदा निम्म्याहूनही कमी दरात मिळतात. अट एकच, मागणी आली की यंत्र काढून घेतले जाते. ॲमेझॉन त्याआधी दोन मिनिटांची सूचना देते, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट साधारण ३० सेकंदांची. सूचना मिळाल्यावर काम जतन करू, हा बेत मोठ्या मॉडेलला लागू पडत नाही. वरच्याच ७०० कोटी पॅरामीटरच्या मॉडेलचे जतन करण्याजोगे आकडे, अचूक प्रत आणि ॲडमच्या सरासऱ्या धरून, ८४ जीबी भरतात. बाहेरच्या साठवणीत सेकंदाला १ जीबीने लिहिले तरी जवळपास दीड मिनिट जाते. म्हणून ठरावीक अंतराने चेकपॉइंट, म्हणजे तोवरच्या कामाची जतन केलेली प्रत, घेत राहावे लागते. किती अंतराने, याचे सोपे सूत्र जॉन यंग यांनी १९७४ मध्येच दिले होते : जतन करायला लागणारा वेळ आणि कामात एकदा खंड पडल्यापासून पुन्हा पडेपर्यंतचा सरासरी वेळ यांच्या गुणाकाराची दुप्पट करून वर्गमूळ काढायचे. दीड मिनिट आणि पाच तास, म्हणजे ३०० मिनिटे, घेतली तर उत्तर येते ३० मिनिटे. चेकपॉइंट यंत्रातल्या तात्पुरत्या डिस्कवर ठेवला तर तो यंत्राबरोबरच जातो, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगावे लागते.

पूर्ण भाडे भरले म्हणून खंड टळत नाही. मेटा कंपनीने आपल्या लामा ३ या भाषा-मॉडेलची सर्वांत मोठी आवृत्ती १६,३८४ एच१००वर शिकवली, तेव्हा ५४ दिवसांत ४१९ वेळा काम अनपेक्षितपणे थांबले. सरासरी दर तीन तासांनी एकदा. बहुतेक कारणे हार्डवेअरची होती.

भाडे की खरेदी : वर्षभर अहोरात्र चालणाऱ्या कामाला स्वतःचे यंत्र बहुधा स्वस्त पडते, पण ते ठेवायला जागा हवी. आठ एच१०० असलेले एनव्हिडियाचे डीजीएक्स यंत्र १०.२ किलोवॅटपर्यंत वीज ओढते आणि तेवढीच उष्णता खोलीत सोडते. भाड्याची खरी करामत दराहून निराळी आहे : एक यंत्र आठ दिवस घेतले काय किंवा आठ यंत्रे एक दिवस घेतली काय, बिल साधारण तेच. शंभर वेगवेगळ्या मापांनी तेच सिम्युलेशन करून पाहायचे असेल, तर ही सोय विकतच्या एका यंत्राला कधीच देता येत नाही. बिलात जीपीयूखेरीज इतरही ओळी असतात. यंत्र नुसते थांबवले तरी डिस्कचे भाडे चालू राहते, आणि मोठ्या क्लाउडमधून डेटा बाहेर नेण्याचे पैसे वेगळे पडतात.

सुरक्षा आणि निर्बंध : ए१००सारख्या चिपचे सात स्वतंत्र तुकडे करून ते वेगवेगळ्या ग्राहकांना देता येतात, त्यामुळे शेजारी कोण आहे हे कळत नाही. खुल्या बाजारात तर यंत्राचा मालकच अनोळखी असतो. रुग्णांच्या नोंदी किंवा अप्रकाशित संशोधन तिथे ठेवू नये. खात्याची गुप्त किल्ली चुकून सार्वजनिक कोडमध्ये गेली, तर इतरांनी त्यावर मायनिंग करून भलेमोठे बिल मागे ठेवल्याचे प्रकार होतात. खर्चाची मर्यादा पहिल्याच दिवशी लावलेली बरी. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने ए१०० आणि एच१०० या चिप चीनला परवान्याशिवाय विकण्यास बंदी घातली. चिप जागची न हलवता तिचा वेळ परदेशी ग्राहकाला विकणे हा मात्र कायद्यापुढे वेगळा प्रश्न ठरला; जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी वाणिज्य खात्याने क्लाउड कंपन्यांनी परदेशी ग्राहकांची ओळख पडताळावी असा नियम प्रस्तावित केला.