रेकॉर्डर घेताय? आधी शांतता रेकॉर्ड करून बघा

तुळजापूरच्या गोंधळातला संबळ कुठलाही रेकॉर्डर टिपतो. खरा कस लागतो तो जात्यावरची ओवी टिपताना. आजी दळता दळता स्वतःशीच म्हटल्यासारखी म्हणते. आवाज हळू, मध्येच श्वास, खाली जात्याची घरघर. घरी येऊन ऐकलं की ओवीमागे एकसारखा ‘सूंऽऽ’ आवाज येतो. तो जात्याचाही नव्हे आणि वाऱ्याचाही नव्हे, तो यंत्राचा स्वतःचा.

माइकमधून निघणारा विजेचा संकेत फार क्षीण असतो. तो वाढवतो प्रीअँप, म्हणजे रेकॉर्डरमधलाच एक भाग. पण इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत वळवळत असतात आणि त्यांची खरखरही संकेतात मिसळते. आवाज मोठा असेल तर ती झाकली जाते. आवाज हळू असला की गेन, म्हणजे संकेत किती पट वाढवायचा ते प्रमाण, चढवावा लागतो आणि ओवीसोबत सूंसूंही चढते.

खोक्यावर मात्र ९६ किलोहर्ट्झ, १९२ किलोहर्ट्झ असे आकडे ठळक छापलेले, म्हणजे यंत्र सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतं ते. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि त्यासाठी सेकंदाला त्याच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने पुरतात. सीडीत ते ४४,१०० असतात. म्हणून ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट (प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला ते), आणि आवाज न दाबता साठवणारी वेव्ह फाइल एवढं बास झालं. तासाला साधारण एक जीबी जागा जाते, जाऊ द्या. चोवीस बिटमुळे लेव्हल, म्हणजे रेकॉर्ड होणाऱ्या आवाजाची पातळी, थोडी खाली ठेवता येते, पण प्रीअँपची खरखर त्याने तसूभरही कमी होत नाही.

ती तपासायला आपल्याकडे लोडशेडिंग आहेच! रात्री लाइट गेली की पंखा, फ्रिज, विहिरीवरची मोटर सगळं एकदम गप्प. ऑटो लेव्हल बंद करा, नाहीतर बोलणं थांबलं की यंत्र आपणहून गेन वाढवतं. हातभर अंतरावरून कुणाला तरी हळू बोलायला लावा, मग मिनिटभर सगळे गप्प बसा. कान झाकणाऱ्या हेडफोनवर ऐका. दोन यंत्रं ताडून बघायची असतील तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. किंचित मोठा वाजणारा रेकॉर्डर उगाचच सरस वाटतो.

३२ बिट फ्लोट या नमुने साठवायच्या नव्या पद्धतीचा सध्या बराच गाजावाजा आहे. संबळाचा टोला अचानक मोठा पडला तरी नंतर लेव्हल उतरवून तो सावरता येतो, हे खरं. पण आवाज माइकमध्येच फाटला तर तिथे इलाज नाही. सूंसूंवर तर स्वस्तातला उपाय एकच: जवळ जा. उघड्यावर अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो, खरखर तेवढीच राहते.

चैत्रात माळावरच्या जत्रेला वाऱ्यापुढे नुसता स्पंज पुरत नाही, माइकला केसाळ टोपीच लागते. शिवाय ८० हर्ट्झच्या आसपासचा लो-कट, म्हणजे त्याखालचे खर्जातले आवाज कापणारी सोय, लावा. जात्यापाशी मात्र तो आठवणीने काढा, नाहीतर घरघरीचा खर्जच कापला जाईल.