स्लीप अॅप्नियासाठी दातांवर बसवायचं उपकरण: विम्याचा क्लेम कधी बसतो, कागद कोणते लागतात

मार्केट यार्डातले एक गूळ व्यापारी सौदे चालू असतानाच पेंगायचे. स्लीप स्टडी केली तर एएचआय २२ निघाला. म्हणजे झोपेत तासाला सरासरी २२ वेळा श्वास अडकतोय किंवा अपुरा पडतोय. हाच स्लीप अॅप्निया. सीपॅपचा, म्हणजे झोपेत दाबानं हवा देणाऱ्या यंत्राचा मास्क चार रात्रीत कपाटावर गेला. मग डेंटिस्टनी खालचा जबडा पुढं धरून ठेवणारं उपकरण मापानं करून दिलं. घोरणं थांबलं, पण क्लेम परत आला: ‘दंतोपचार पॉलिसीत समाविष्ट नाहीत.’

मी बिल मागवून बघितलं. त्यावर नुसतं ‘डेंटल अप्लायन्स, १ नग’. आजाराचं नाव कुठंच नाही. असं बिल वाचून क्लेमवाल्यानं दुसरं काय समजायचं?

विमा नियामकाच्या व्याख्येत दंतोपचार म्हणजे दात आणि दातांना आधार देणाऱ्या भागांवरचे उपचार. हे उपकरण दातांवर बसतं खरं, पण उपचार घशातल्या श्वासमार्गावर होतो. फाईलमध्ये हेच दिसलं पाहिजे, आणि त्यासाठी सुरुवात कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनं व्हायला हवी. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याचा केस पेपर असला तरी चालतो. चिठ्ठीत निदान, एएचआय, सीपॅप का जमला नाही आणि म्हणून हे उपकरण सुचवलं, एवढं स्पष्ट लिहून घ्या. एएचआय ५ ते १५ सौम्य, ३० पर्यंत मध्यम आणि त्यापुढं तीव्र धरतात.

आता कटू भाग. साधी मेडिक्लेम पॉलिसी २४ तास अॅडमिट झाल्यावरच्या खर्चाची असते. घरी वापरायचं उपकरण, मग ते सीपॅप असो वा हे, त्यात बहुधा बसत नाही. कागद कितीही चोख असले तरी. फक्त तपासणीसाठी अॅडमिट होऊन स्लीप स्टडी केली, तर तोही खर्च वगळलेला असतो. आशा असते ती ओपीडी कव्हर असलेल्यांना आणि कंपनीची ग्रुप पॉलिसी असलेल्यांना. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात असाल, तर एचआरकडून पॉलिसीची पूर्ण प्रत मागा, कार्ड दाखवून भागत नाही. ओपीडीतही दातांसाठी वेगळी मर्यादा असू शकते. जबडा पुढं आणायची शस्त्रक्रिया मात्र अॅडमिट होऊन होते. तिथं आधी टीपीएकडून, म्हणजे कंपनीसाठी क्लेम बघणाऱ्या संस्थेकडून, लेखी मंजुरी घ्या, नाहीतर ती ‘सौंदर्यासाठी’ केली म्हणून अडवतात.

अमेरिकेतल्या मुलाचं ऐकून ‘तिकडं मिळतं की’ म्हणणारे पालक भेटतात. मिळतं, बरोबर आहे. तिथल्या मेडिकेअर या सरकारी विम्यात हे उपकरण वैद्यकीय साधन म्हणून धरलं जातं, एएचआय १५ किंवा त्याहून जास्त असेल किंवा ५ ते १४ असून दिवसा झोप, रक्तदाब असं काही असेल तर. तो नियम आपल्या पॉलिसीला लागत नाही.

फाईलमध्ये क्लेम फॉर्म, डॉक्टरांची चिठ्ठी, स्लीप स्टडीचा पूर्ण रिपोर्ट (पहिलं पान नव्हे), डेंटिस्टचं बिल आणि पैसे भरल्याची पावती, केवायसी आणि रद्द केलेला चेक. बिलावर ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अॅप्नियासाठी खालचा जबडा पुढं ठेवणारं उपकरण’ असं लिहून घ्या. मूळ कागद देण्याआधी झेरॉक्स काढा. मुदत पॉलिसीत दिलेली असते, ती चुकवू नका. पॉलिसी घेतानाच निदान झालेलं असेल तर ते प्रपोजलमध्ये लिहिणं भाग आहे; आधीच्या आजारांना जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं.

आमच्या व्यापाऱ्यांकडं ओपीडी कव्हर होतं, म्हणून नवं बिल आणि चिठ्ठी जोडून परत पाठवलं. मर्यादेपुरते पैसे आले, बाकीचे खिशातून.

नाकारलंच तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडं जाता येतं. कोल्हापूरसाठी पुण्याचं कार्यालय. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथं चालतात, फी नाही आणि वकीलही लागत नाही.