तत्त्वज्ञ प्रयोग सुचवतो तेव्हा आणि तत्त्वज्ञ प्रयोग करतो तेव्हा

नाशिकच्या कॉलेज रोडवर बी.ए.च्या मुलांशी या विषयावर गप्पा निघाल्या, की एक गोंधळ हमखास होतो. तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ मिळून मनाचा अभ्यास करतात म्हटलं, की त्यांना वाटतं तत्त्वज्ञ आता प्रश्नावली घेऊन रस्त्यावर उतरला. तसे तत्त्वज्ञ आहेत. पण स्वतः एकही प्रयोग न करता प्रयोगाची दिशा बदलणारेही आहेत, आणि माझ्या मते त्यांचं काम अधिक खोलवर गेलं.

१९७८ मध्ये डेव्हिड प्रेमॅक आणि गाय वुडरफ या मानसशास्त्रज्ञांनी सारा नावाच्या चिंपांझीला व्हिडिओ दाखवले. हात न पोहोचणारी केळी मिळवायला धडपडणारा माणूस, असे प्रसंग. मग तिच्यापुढे फोटो ठेवले. साराने बहुतेक वेळा अडचण सोडवणारा फोटो बरोब्बर उचलला. म्हणजे समोरच्याच्या मनात काय चाललंय हे तिला कळतं का? यावर डॅनियल डेनेट, जोनाथन बेनेट आणि गिल्बर्ट हार्मन या तत्त्वज्ञांनी नेमकी शंका काढली. समोरच्याची समजूत आणि प्रत्यक्ष परिस्थिती एकच असेल, तर सारा मन ओळखते की नुसती परिस्थिती, हे ठरवायचं कसं? समोरच्याची समजूत चुकीची असतानाच खरी परीक्षा होईल.

ती परीक्षा १९८३ मध्ये हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांनी लहान मुलांवर घेतली. त्यांनी मुलांना गोष्ट सांगितली: माक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर तो कुठे बघेल?

हे घरीही करून बघता येतं. आमच्या शेजारच्या दोन भावंडांना मी विचारलं: आजी लाडू डब्यात ठेवून काळारामाला गेली, मागून आईने ते फ्रिजमध्ये ठेवले; आजी आल्यावर लाडू कुठे शोधेल? तीन वर्षांचा धाकटा तत्काळ म्हणाला, “फ्रिजमध्ये!” सहा वर्षांची ताई त्याच्यावर वैतागली, “अरे, आजीला कुठे माहितीये?” १९८५ मध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी याच धर्तीची चाचणी स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना दिली, २० पैकी १६ जणांचं उत्तर चुकलं. स्वमग्नतेच्या संशोधनाला त्यातून नवा रस्ता मिळाला.

आता प्रश्नावलीवाले. याला प्रायोगिक तत्त्वज्ञान म्हणतात. जोशुआ नोब या तत्त्वज्ञाने मॅनहॅटनच्या एका बागेत लोकांना गोष्ट सांगितली, मी इथे तिचा फक्त मुलूख बदलतो. समजा, सातपूरच्या एका कारखान्याच्या अध्यक्षाला सांगितलं, “नव्या योजनेत नफा आहे, पण गोदावरीचं नुकसान होईल.” तो म्हणाला, “नदीचं मला काही नाही, नफा बघा.” नुकसान झालं. त्याने ते मुद्दाम केलं का? २००३ मध्ये छापलेल्या या पाहणीत ८२ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. गोष्ट तीच, फक्त नुकसानाऐवजी फायदा झाला, तर ७७ टक्के म्हणाले, मुद्दाम नाही केलं.

या दोन प्रकारच्या प्रयोगांतला फरक इथे आहे. विमर-पेर्नरना मुलाला काय कळतं हे तपासायचं होतं. नोब यांना लोक ‘मुद्दाम’ कशाला म्हणतात हे तपासायचं होतं, कारण तत्त्वज्ञ स्वतःच्या अंदाजालाच ‘सगळ्यांना असंच वाटतं’ असं धरून चालतात. अर्थात ही भिंत पक्की नाही. परिणाम वाईट असला की आपण हेतू का चिकटवतो, हा पुढे मानसशास्त्राचाही प्रश्न झालाच.

आपल्याशी थेट संबंध असलेलं उदाहरणही आहे. वाइनबर्ग, निकोल्स आणि स्टिच या तत्त्वज्ञांनी २००१ मध्ये छापलेल्या पाहणीत ‘ठाऊक असणं’ आणि ‘नुसतं वाटणं’ यांच्यातली सीमारेषा अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना विचारली. नशिबाने खरं ठरलेल्या समजुतीला बहुतेक पाश्चात्त्यांनी ‘ठाऊक असणं’ मानलं नाही. मूळ भारतीय उपखंडातलं असलेल्या ६१ टक्क्यांनी मानलं. पूर्वेचं मन वेगळं, अशी चर्चा रंगली. पण हे उपखंडवाले होते जेमतेम २३, आणि पुढे तो फरक टिकला नाही. २०१७ मध्ये छापलेल्या ब्राझील, भारत, जपान आणि अमेरिका अशा चार देशांतल्या पाहणीत बहुतेकांचा कौल सारखाच निघाला: ते ठाऊक असणं नव्हे.